तिचे मासे

पहाटे सव्वापाचला तळ्यातले मासे पायरीपाशी वर आले, तोंडं उघडून, एकमेकांना खेटून. पावाचा चुरा टाकताना म्हाताऱ्या ड्रायव्हरचा ऊर भरून आला. बायको रोज त्यांना चारायची. ती गेल्यावर तीन महिने तो चुरा टाकत होता, पण मासे ढुंकूनही बघत नव्हते. आता आठवडाभर मात्र तो पोचायच्या आधीच हजर! त्याने चुरा दुप्पट केला आणि उजाडल्यावर लेकीला फोन लावला.

"आईला वीस वर्षं लागली, तुम्ही तीन महिन्यांत गटवलंत की!" लेक हसली.

त्याच सकाळी पाणी तपासायला आलेली बाई मात्र हसली नाही.

"काका, भुकेने नाही येत ते. शेतांतलं खत वाहून आलंय, त्यावर हे शेवाळ माजलंय. रात्रीत पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून पहाटे श्वासासाठी वर धडपडतात. तुमचा चुरा तळाशी कुजून उरलासुरलाही संपवतोय."

"मग मी काय करू?"

"काही टाकू नका. उद्या ते खालीच राहिले, तर पाणी सुधारतंय समजा."

दुसऱ्या दिवशी अंधारातच तो रिकाम्या हातांनी पायरीवर येऊन बसला. कुणी भेटायला येऊ नये असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटून त्याने हात जोडले.



पहिला मासा पाच वाजून दहा मिनिटांनी वर आला.