बिनदोऱ्याचं रीळ

नाव उलटली तेव्हा लेकाचा हात बापाच्या हातातून निसटला. किनाऱ्याला लागलं ते फक्त लेकाचं मासे धरायच्या गरीचं जुनं रीळ.

बापाने ते खोललं, वाळू काढली, गंजलेले दाते घासले, ग्रीस भरलं. लेक डावखुरा, म्हणून नवी लाकडी मूठ डावीकडे बसवली.

"अहो, कोण येणाराय वापरायला?" बायको म्हणाली.

"आलाच तर?"

दोरा गुंडाळायचा बाकी होता. तोच रिकामी चकरी कर्रकर्र फिरली, मोठा मासा गळाला लागल्यासारखी.

त्याने मूठ धरून फिरवली. वजन लागलं.

"दोरा नाहीये त्याला! सोडा ते!"

"एकदा सोडला, तेवढं पुरे. कमरेला धर माझ्या!"

तिने जिवाच्या आकांताने धरलं. दोघंही फरफटत उंबऱ्याकडे, पाण्याच्या दिशेने निघाले.