मरियेची ओटी

इथे आखातात, अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मरियामातेची हात जोडलेली मूर्ती आहे. वसईहून राहायला आलेली आई दर शुक्रवारी तिच्यापुढे तांदूळ-नारळाची ओटी ठेवायची.

"आई, आपण ख्रिस्ती आहोत. हे आता खलास," म्हणत मी एकदा ती ओटी कचऱ्यात टाकली.

"बाय, तिचा पदर रिकामा ठेवू नये," आई एवढंच बोलली. वसईला परत गेली आणि महिन्याभरात वारली.

तेव्हापासून दर शुक्रवारी मूर्तीचे जोडलेले हात थोडे थोडे सुटत गेले.

आज माझी लेक जोआना म्हणाली, "ममा, शी इज आस्किंग फॉर समथिंग."

मरियेने निळ्या शेल्याचा पदर दोन्ही हातांनी पुढे धरला होता. मी धावत जाऊन ओंजळभर तांदूळ आणले.

ते पदरात पडण्याआधीच, माझ्या डोळ्यांदेखत तिने पदर आवरून घेतला.