तिसऱ्या पानावरचा खुनी

"निके, हे बघ! वाचायच्या आधीच सगळं फोडून ठिवलंय!"

पेरूवाल्या बन्सीमामांनी पुस्तक टेबलावर आपटलं. तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं वेडंवाकडं लिहिलं होतं : 'खुणी – माळी'.

निकितानं पान डोळ्यांजवळ धरलं. "अरे देवा," ती म्हणाली.

निकिता दहावीत होती. दर रविवारी ती राहाता गावच्या वाचनालयात बसायची आणि येणाऱ्याला काय वाचावं ते सांगायची. तिची सगळ्यात लाडकी होती इन्स्पेक्टर सगुणा. बारा भागांची रहस्यकथा मालिका. तिला वाचायचा नाद लागला तो याच बारा पुस्तकांनी, सातवीत. एकेक भाग तिनं चार-चार वेळा वाचला होता.

आणि शिफारस कशी करायची ते तिच्याकडूनच शिकावं! बन्सीमामांना तिनं सांगितलं, "मामा, पहिल्या भागात पेरूच्या बागेत मुडदा सापडतो." पार्लरवाल्या रुपालीताईंना म्हणाली, "दुसऱ्यात मेंदी काढता काढता नवरी गायब!" लोक हसत हसत पुस्तक न्यायचे. पंधरा दिवस ते टीव्हीवर पडून राहायचं आणि होतं तसं परत यायचं.

"मोबाईल बघता बघता राहिलंच गं," हे सगळ्यांचं एकच उत्तर.

वाचनालयाचे अध्यक्ष नृसिंह सर म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक. त्यांना या मालिकेचं कपाट स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी हवं होतं. महिनाअखेरच्या बैठकीत सगुणा रद्दीत जाणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

त्यात आता हे तिसरं पान.

सरांनी चष्मा वर केला. "खुनी शब्दात ण! लिहिणारा नुसता खोडसाळ नाही, अडाणीही आहे. बैठकीपर्यंत तो सापडला नाही, तर मालिकेवर चर्चाही नाही, थेट रद्दीत. पुस्तकं घाण करायला वाचनालय उघडलेलं नाही."

"मी शोधते, सर," निकिता म्हणाली.

तिनं शोध घेतलाही अगदी सगुणासारखा. पुढच्या रविवारी वही उघडून ठेवली आणि प्रत्येकाला त्यात 'खुनी' हा शब्द लिहायला लावला.

"अगं बाई, आमच्या ह्यांनी बघितलं तर घाबरतील ना," रुपालीताई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"घाबरू द्या की. जरा वचकून राहतील," मागून बन्सीमामा बोलले.

शेवटी वाचनालयाचे शिपाई पुंजारामकाका आले. त्यांनी जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं : 'खुणी'.

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"पुंजाराम!" सर ओरडले.

"आवो सर, धा वरसं झाली, पुस्तकं झटकतोय. येक बी उघडलं न्हाई आजवर!"

"काकांनी नाही लिहिलं," निकिता ठामपणे म्हणाली.

"कशावरून?"

"काका असं करणार नाहीत, सर. मी सांगते ना."

एवढ्यात बन्सीमामा मध्ये पडले. "सर, त्ये ऱ्हाऊ द्या. मी काय म्हनतो, त्यो माळी खुनी न्हाईच हाय!"

"म्हणजे? वाचलंत तुम्ही?" निकितानं विचारलं.

"माळ्यानं खून केला कसा, म्हनून बघाया बसलो. तर माळी सत्तराव्या पानावर सोताच मेला! रात-दिस येक केला, तवा कळलं."

"मग खुनी कोण?" रुपालीताईंनी विचारलं.

"वाचा की. मी का सांगू?"

रुपालीताईंनी तिथल्या तिथे पहिला भाग नेला. चार दिवसांत तो संपवून दुसरा उघडला. त्याच्या तिसऱ्या पानावर 'खुणी – डॉक्टर'. तोही खोटा. तिसऱ्या भागात 'सासरा', चौथ्यात 'पोस्टमन'. आता लोक आधी तिसरं पान बघायचे आणि "बघू या खोटारड्याचं" म्हणत पुस्तक घरी न्यायचे. पार्लरमध्ये वाद, पेरूच्या गाडीवर वाद. सहाव्या भागासाठी तेवीस जणांनी नंबर लावला.

बैठकीच्या दिवशी दारात चपलांचा ढीग होता.

"पुंजाराम नाही, तर मग सापडला का लिहिणारा?" सरांनी विचारलं.

"नाही, सर." निकितानं मान खाली घातली.

"सापडूच नगं," बन्सीमामा म्हणाले. "पन मालिका हलवायची न्हाई, सांगून ठिवतो."

"हलवली तर आम्ही सगळ्या जणी इथंच बसू," रुपालीताईंनी बजावलं.

सरांनी देवघेवीची नोंदवही पुढे ओढली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग त्यांनी शाईपेन काढलं, ठरावाच्या वहीत लिहिलं, 'सगुणा मालिका कायम ठेवावी', आणि खाली झोकदार सही केली.

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. पुंजारामकाकांनी तर शिट्टी मारली.

गर्दी पांगल्यावर सर टेबलापाशी आले.

"निकिता, पस्तीस वर्षं शिकवलं मी. एवढी माणसं पुस्तकाला लावणं मला जमलं नाही. तुझा अभिमान वाटतो." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तो सातवा भाग आहे का? सहा झाले माझे. नुसता तपासायला हवाय."

निकिताचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिनं ठरावाच्या वहीत डोकावून पाहिलं.

"सही वाळली का, सर?"

"वाळली की. का गं?"

"मग सातवा उद्या न्या. त्यात मुद्दाम ण घालून खोटा 'खुणी' लिहायचा राहिलाय माझा."