सांबरशिंग

"हे धूड आपल्याच शिवारात निघालं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. गावच्या ओढ्याकाठी उकरून काढलेला डायनोसॉरचा सांगाडा संग्रहालयात उभा होता. तान्ह्या रेवाला छातीशी धरून मी बघत राहिले.

"सगळी हाडं शाबूत आहेत," गाईड सांगत होता. "फक्त पुढच्या पायाचं एक नख सापडलं नाही. बाकीची बघा, अशी आहेत."

मी वाकून पाहिलं. तोच बाक, तोच तपकिरी रंग. आजेसासूबाईंना ओढ्यात सापडलेलं, सर्दीवर सहाणेवर उगाळायचं आमच्या घरातलं सांबरशिंग अगदी असंच होतं. रेवाला पाणीसुद्धा मी उकळून, गाळून देते. आणि हे उगाळलेलं मी आठवडाभर माझ्याच बोटाने तिला चाटवत होते.

"आई, आपलं सांबरशिंग," मी कसंबसं म्हटलं, "रेवाला काही होणार नाही ना?"

त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता. "तिला काय होतंय? तुझा नवरा त्याच्यावरच वाढला," गाईडकडे पाठ करून त्या पुटपुटल्या. "पण या संग्रहालयवाल्यांनी परत मागितलं तर काय दाखवायचं? निम्मं तर आपल्या घराने खाल्लंय."