बारापर्यंतचं मौन

"अक्का, बारापर्यंत तुझं मौन असतं. तू निवांत जप कर, कुणाशी चकार शब्द बोलू नगंस," असं बजावून विजयसिंहानं बहिणीसाठी क्रूझच्या डेकवर पडद्यांच्या आडोशाचा खासगी कबाना भाड्यानं घेतला होता. भाऊ आपला नेम एवढा सांभाळतो, या विचारानं शालिनीचे डोळे भरून आले.

जहाज गोव्याच्या धक्क्याला लागलं. अकराच्या सुमारास विजयसिंह पडदा सारून आत आला. त्याच्या हातातल्या फोनच्या स्पीकरवर कळस गावाहून आई विचारत होती, "शालन, दारात वृद्धाश्रमाची गाडी आलीया. तुझा बी होकार हाय म्हणतोय विजय. व्हय का गं?"

शालिनीनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. ती आईला कशी दिसणार?

"बघ, गप हाय," विजयसिंह फोनवर म्हणाला. "नको असतं, तर बोलली नसती व्हय?"

मौनाचं आईला ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

"बरं. बसते मग गाडीत," आई म्हणाली.

शालिनीनं माळ खाली ठेवली.

"आई, बसू नगंस. मी येतीया," ती हळूच म्हणाली आणि पिशवी उचलून जहाजातून उतरायच्या वाटेला लागली.