रिकामा रकाना

“तो शब्द आमच्या भाषेत नव्हता,” म्हातारा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

संशोधक बाईंनी रेकॉर्डर चालूच ठेवला. लॅटिनमधल्या ‘फिलिया’चा, म्हणजे मुलगी या शब्दाचा माग काढत त्या या खोलीपर्यंत आल्या होत्या. फ्रेंचमध्ये त्याचा ‘फीय’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘इहा’, इटालियनमध्ये ‘फील्या’. या डोंगरातल्या बोलीत काय झालं, ते सांगू शकणारा एकच माणूस उरला होता आणि त्याच्या छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मीठ, विस्तव, कर्ज, ताप, सगळे शब्द त्याने न कुरकुरता दिले होते. हा एक देत नव्हता. बाईंच्या तक्त्यात तेवढाच रकाना रिकामा होता.

“नव्हता कसा?” खाटेशी बसलेली त्याची धाकटी बहीण हसली. “मग मी काय आभाळातून पडले, दादा? लहानपणापासून हा असाच, पोरी. मागितलं की लपवायचं.”

“तुम्हाला आठवतो का?”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्यापासून काही लपवायचं असलं, तरच आईबाप ती भाषा बोलायचे. दादाने कान देऊन उचलली. मी आपली मठ्ठ.” गुडघ्यांवर हात टेकत ती उठली. “चहा टाकते.”

स्वयंपाकघरात भांडं वाजलं, तसा म्हातारा इकडे वळला.

“ते यंत्र बंद करा.”

बाईंनी केलं.

“फेया,” तो पुटपुटला. “एकाच रात्री ऐकला. घरात धान्याचा कण नव्हता. बाप म्हणाला, पहाटे फेयाला स्टेशनावर सोडून येतो. आई म्हणाली, झोपेतच ने. ही माझ्या शेजारी गाढ झोपलेली. मी पांघरुणाखाली हिच्या झग्याची कड माझ्या सदऱ्याला बांधून टाकली. पहाटे बाप आला. अंधारात चाचपडत सोडवत बसला. एक गाठ सुटली, तर खाली दुसरी. घाबरून कधी मारली, मलाच आठवत नाही. ती काही सुटेना. उजाडलं, ही उठून बसली आणि बाप कामावर निघून गेला.” त्याला धाप लागली. “त्याने कात्री का घेतली नाही, ते मला अजून कळलेलं नाही.”

बाईंनी तक्ता पुढे ओढला.

“लिहू नका. शब्द कळला की ही विचारेल, कुठे ऐकलास. माझ्याकडे दुसरं वाक्य नाही. आईचं नाव काढलं की आजही हिचे डोळे भरतात. तेवढं राहू दे.”

बाईंनी मान डोलावली. पुस्तक महिनाअखेर छापायला जायचं होतं. रकाना रिकामाच जाणार होता.

चहा होईपर्यंत म्हाताऱ्याचा डोळा लागला. बहीण बाईंना फाटकापर्यंत सोडायला आली.

“दिला का त्याने?”

“नाही.”

“नाहीच देणार.” तिने फाटकाची कडी काढली, पण फाटक उघडलं नाही. घराकडे एकदा वळून पाहिलं. “फेया,” ती म्हणाली. उच्चार हुबेहूब भावाचा होता. “पण तो गेल्यावर लिही, पोरी. मला ठाऊक आहे हे त्याला कळलं, तर त्याने जन्मभर काय जपलं?”

“ते म्हणाले, तुम्ही झोपला होतात.”

“त्याला तसंच वाटतं,” म्हातारी म्हणाली. “त्याने एकच गाठ मारली होती. दुसरी माझी.”