ड्रॉइंगवरचा स्नोफ्लेक

रिटायर्ड इंजिनिअर संध्याकाकू मिशिगनमधल्या त्या छोट्याशा म्युझियममध्ये शिरल्या, त्या निव्वळ थंडीने हाडं गोठली म्हणून. काचेआड शंभर वर्षांपूर्वीच्या, बर्फावर धावणाऱ्या मोटरगाडीची मूळ ड्रॉइंग्ज होती. गाइड कौतुकाने म्हणाली, “आमच्या गावच्या मिस्टर हॉल्डननी एकट्याने डिझाइन केलं हे. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ते हा बारीकसा स्नोफ्लेक काढायचे. आमचा लोगोही तोच.”

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. चाळीस वर्षं कोऱ्या कागदावर पहिली रेघ मारण्याआधी त्याही हेच काढत आल्या होत्या.

“अहो, स्नोफ्लेक कसला? हे ‘श्री’ आहे! आमच्याकडे कामाला बसताना आधी हेच लिहितात.”

“पण तेव्हा इथे तुमचं कुणीच नव्हतं.”

काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. गाडीभोवती सात माणसं उभी होती आणि खाली नावं मात्र सहाच. “मग हा कडेचा, सावळा?”

“तो होय? स्वयंपाकी असावा.”

काकू फोटोच्या अगदी जवळ गेल्या. स्वयंपाक्याने कानावर पेन्सिल खोचली होती.